सरकारी बाकीपायीं लिलांव : खरेदीदारास नेमकें काय मिळे?

पुणें शहरांतील व जिल्ह्यांतील जुन्या घराण्यांचे रुमाल सोडून पाहणारांस एक अनुभव नेहमीं येतो. मिरासपत्रें, खरेदीखतें, महजर, वांटणीपत्रें हीं आदरानें निराळीं काढून ठेविलीं जातात. त्यांच्याच जोडीला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील अर्धे छापील व अर्धे हातानें भरलेले कागद सांपडतात. लिलांवाचे जाहिरनामे, अनामतीच्या पावत्या व विक्रीचे दाखले असें त्यांचें स्वरूप असतें. इंग्रजी अमदानींतील कचेरीचे कागद म्हणून ते बाजूस सारले जातात, आणि पुष्कळदां रद्दींतहि जातात. वस्तुतः घराण्याकडे जमीन कशी आली, किंवा घराण्याकडून ती कशी गेली, याचा निर्णायक पुरावा अनेकदां याच कागदांत असतो.

प्रस्तुत लेखाचा हेतु हे कागद कसे वाचावे हें सांगण्याचा आहे. तें सांगतांना एका प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें आहे. सरकारी देणें थकल्यामुळें लिलांवास निघालेली जमीन किंवा वाडा ज्यानें घेतला, त्यास नेमकें काय मिळालें? निर्वेध मालकी मिळाली, कीं मूळ मालकाचा जेवढा हक्क शिल्लक होता तेवढाच मिळाला, कीं मूळ मालक परत येईपर्यंतचा ताबा मिळाला? याचें उत्तर काळाप्रमाणें पालटत गेलें आहे. देणें थकलें तर भोगवटा जावा, परंतु देणें फेडून परत येण्याची वाट मोकळी असावी, ही या प्रांताची जुनी समजूत होती. इंग्रजी कायद्यानें ती वाट बव्हंशीं बंद केली. आणि पुढें ती टप्प्याटप्प्यानें पुन्हां उघडावी लागली.

१. शब्द व कल्पना

'लिलांव' हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या 'लैलांव' या शब्दाचेंच तें मराठी रूप होय, व हिंदींतील 'नीलाम' हा त्याचाच भाऊबंद. निजामी मुलखांतील मराठींत त्याच अर्थीं 'हर्रास' हा शब्द रूढ झाला. बोलीस 'सवाल' असेंहि म्हणत. म्हणून 'शेवटचा सवाल' असे शब्द कागदांत आले तर ते प्रश्नाविषयीं नसून बोलीविषयीं आहेत हें ध्यानांत ठेवावें.

शब्द परका असला तरी चढती बोली घेऊन हक्क देण्याची कल्पना परकी नव्हती. गोव्यांतील गांवकऱ्यांच्या सामाईक जमिनी मुदतीनें बोलीवर लागवडीस दिल्या जात. या गांवकरी संस्थेच्या चालीरीती आफोंसो मेशिया याच्या १५२६ च्या 'फोराल' नामक सनदेंत नमूद झाल्या आहेत. देशावर दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती सर्वांत जास्त रक्कम कबूल करणारास इजाऱ्यानें दिल्या जात, व त्यामुळें रयत नाडली गेली, हें प्रसिद्धच आहे. परंतु या दोन्ही प्रकारांत बोलीवर चढे तो मुदतीचा उपभोग किंवा वसुलीचा अधिकार. गांवच्या थळकऱ्याची मिरास त्यायोगें विकली जात नसे. हा भेद ध्यानांत न घेतल्यास पेशवाईच्या अखेरचा इजारा व पुढील काळांतील जमिनीचा लिलांव यांची गल्लत होते.

२. मराठेशाहींतील बाकी

सरकारी सारा थकला म्हणजे प्रथम तगादा होई. तगाद्यासाठीं मोहसल बसे, व त्याचा रोजचा खर्च बाकीदारावर पडे. याहून कडक उपाय म्हणजे अटक व जप्ती. मिरासदारास हें असह्य झालें म्हणजे तो दोहोंपैकीं एक मार्ग पत्करी. एक, वतनाचा किंवा जमिनीचा कांहीं भाग विकून बाकी वारणें. दुसरा, गांव सोडून जाणें.

पहिल्या मार्गाचे कागद संग्राहकांच्या उत्तम परिचयाचे आहेत. दुष्काळ पडला, दिवाणची बाकी उभी राहिली, वारावयास दुसरा उपाय नाहीं, म्हणून निमी पाटिलकी किंवा अमुक बिघे जमीन विकली, अशा आशयाचीं खतें महाराष्ट्रभर सांपडतात. येथें विकणारा स्वतः मिरासदार असतो, सरकार नव्हे. आपण खुशीनें विकीत आहों व भाऊबंदांपैकीं कोणी कथळा केला तर त्याचें निवारण आपण करूं, असें तो लिहून देतो. गोताची साक्ष होते, आणि सरकारास नजर किंवा शेरणी पोंचते. खरेदीदाराचा हक्क पक्का होतो तो विकणाराच्या कबुलीनें व गोताच्या साक्षीनें. बाकी हें विक्रीचें कारण खरें, परंतु विक्रीचा आधार नव्हे.

दुसऱ्या मार्गानें गेलेल्या मिरासदाराची जमीन 'गतकुळी' म्हणून गांवाकडे राही. ती उपऱ्यास लागवडीस दिली जाई. मूळ कूळ येण्याची आशा खुंटली म्हणजे पाटील व गांवकरी ती दुसऱ्या कोणास मिरासपत्र करूनहि देत. परंतु मूळ मिरासदार किंवा त्याचा वंशज परत आला, आणि त्यानें देणें पत्करलें, तर त्याचा दावा दीर्घ काळ गेला तरी ऐकला जाई. एल्फिन्स्टन याचा १८१९ चा व चॅप्लिन याचा १८२२ चा अहवाल यांत मिरासीच्या या चिवट स्वरूपाची दखल घेतलेली आहे. थळझाड्यांत गेलेल्या कुळाचें नांव त्याच्या थळास पुढेंहि चिकटून राही, याचें मर्म हेंच.

३. भोगवटा आणि खालसा

१८१८ नंतर सारावसुलीचा पाया बदलला. प्रिंगल याची पुणें जिल्ह्यांतील मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ पासून इंदापूर तालुक्यांत नवी आकारणी सुरू केली. तिचीं तत्त्वें १८४७ च्या संयुक्त अहवालांत मांडलीं गेलीं, आणि १८६५ च्या व पुढें १८७९ च्या कायद्यानें त्यांस पक्कें रूप आलें. त्यांतील मुख्य तत्त्व असें : जो सर्व्हे नंबराचा आकार भरील तो त्याचा भोगवटादार, त्याचा हक्क वंशपरंपरेचा व विकतां येण्याजोगा, परंतु आकार न भरल्यास तो हक्क सरकारजमा, म्हणजेच 'खालसा', होण्यास पात्र. मिरासदार व उपरी हा भेद व्यवहारांतून मावळला. त्याबरोबरच परत येण्याचा जुना दावाहि निर्बल झाला.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यांत बाकीपायीं होणाऱ्या विक्रीचे दोन निरनिराळे प्रकार आहेत. ज्यांस या कागदांवरून मालकीचा इतिहास लावावयाचा आहे त्यांनीं हे दोन प्रकार प्रथम ओळखले पाहिजेत.

पहिला प्रकार : ज्या जमिनीचा आकार थकला तीच जमीन खालसा करून विकणें. अशी जमीन, कलेक्टरानें निराळें फर्माविलें नसेल तर, पूर्वीच्या भोगवटादारानें निर्माण केलेल्या सर्व बोजांपासून मुक्त होऊन खरेदीदाराकडे जाई. गहाण, इतर करार, सर्व गळून पडत. दुसरा प्रकार : थकलेल्या जमिनीखेरीज बाकीदाराची अन्य स्थावर मिळकत विकणें. येथें विकला जाई तो केवळ बाकीदाराचा 'हक्क व हितसंबंध'. तो जेवढा असेल तेवढाच. घर गहाण असेल तर गहाणासह, चौघां भावांत सामाईक असेल तर एका भावाच्या हिश्शापुरताच. दोन्ही दाखले दिसावयास सारखे असले तरी त्यांची किंमत सारखी नाहीं. म्हणून दाखल्यांत बाकी कोणत्या नंबराची व विक्री कोणत्या मिळकतीची, हें ताडून पाहणें हें वाचकाचें पहिलें काम होय.

या भेदावरून आणखी एका कोड्याचा उलगडा होतो. सावकारी दप्तरांत दुसऱ्याच्या खात्यावरील साऱ्याच्या पावत्या सावकाराच्या नांवें पुष्कळ आढळतात. त्यांवरून जमीन सावकाराची झाली होती असें अनुमान काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जमीन खालसा झाली तर गहाणच बुडतें, म्हणून गहाणदार धन्याच्या वतीनें सारा भरून टाकी. आणि हितसंबंधी मनुष्यास तसा भरणा करण्याची मुभा कायद्यानेंच दिली होती. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सुरू झालेल्या दंग्यांत कुळांनीं सावकारांचीं खतें हुडकून जाळलीं. त्या काळच्या कूळ-सावकार संबंधाचा अभ्यास करतांना या पावत्या खतांइतक्याच बोलक्या आहेत. पावती ही भरण्याचा पुरावा होय, मालकीचा नव्हे.

४. लिलांवाची रीत व कागदांची ओळख

स्थावर मिळकतीच्या लिलांवाआधीं देशभाषेंत जाहिरनामा निघे. तो कचेरींत व गांवच्या चावडीवर लागे आणि दवंडी पिटली जाई. जाहिरनाम्यापासून निदान तीस दिवस लोटल्याखेरीज विक्री करतां येत नसे. लिलांव पुकारण्यापूर्वीं बाकीदारानें देणें चुकतें केलें तर विक्री थांबे. शेवटची बोली ज्याची, त्यानें शेंकडा २५ अनामत तत्काळ भरावयाची; न भरल्यास मिळकत लगेच पुन्हां पुकारावयाची. उरलेली रक्कम मुदतींत न आल्यास अनामत बुडे.

येवढ्यानें विक्री पुरी होत नसे. जाहीर करण्यांत किंवा विक्री चालविण्यांत मोठी चूक, गैरसमज किंवा लबाडी झाली व त्यामुळें आपलें भारी नुकसान झालें, असा अर्ज तीस दिवसांत करतां येई. तो न आल्यास किंवा फेटाळला गेल्यास विक्री कायम होई, व त्यानंतरच खरेदीदारास ताबा व दाखला मिळे. दाखल्यावर विक्रीच्या वेळीं प्रत्यक्ष खरेदीदार म्हणून जाहीर झालेल्याचेंच नांव घालीत. खरा घेणारा मी, दाखल्यावरचा नुसता नांवाचा, असा दावा पुढें चालूं नये हा त्यांतील हेतु.

यावरून संग्राहकांनीं कागदांची प्रतवारी पुढीलप्रमाणें करावी. जाहिरनामा असला तर एवढेंच सिद्ध होतें कीं, अमुक तारखेस अमुक खातेदाराकडे अमुक बाकी होती. जाहिरनामा निघूनहि बाकी भरली गेली व विक्री टळली, असें पुष्कळदां घडे. म्हणून केवळ जाहिरनाम्यावरून जमीन गेली असें लिहूं नये. अनामतीची पावती असली तर बोली झाली हें ठरतें. विक्री कायम झाली हें ठरत नाहीं. विक्री कायम केल्याचा हुकूम व दाखला असला म्हणजेच हक्क पालटला असें समजावें. त्यापुढें ताब्याची पावती आणि गांवच्या दप्तरांतील फेरफाराची नोंद जुळली, तर सांखळी पुरी झाली. एकच कागद हातीं आला असतां त्याचा पुढील कागद शोधावा; न सांपडल्यास विधान तेवढ्यापुरतेंच मर्यादित ठेवावें.

विक्रीच्या रकमेची वांटणीहि पाहण्याजोगी असते. खर्च व बाकी वजा जातां उरलेली रक्कम ज्याची मिळकत गेली त्यास परत देण्याचा नियम होता. तेव्हां बाकी थोडी व बोली मोठी असेल, तर शिलकेच्या रकमेची बाकीदाराची पावती त्याच रुमालांत असण्याचा संभव असतो. हा नियम वाटतो तितका सर्वत्र गृहीत नाहीं. अमेरिकेंत काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, घरपट्टी थकल्यास घर विकते. मिनेसोटा राज्यांतील हेनेपिन काउंटीनें सुमारें १५,००० डॉलर येणें असतां एका वृद्ध स्त्रीचें घर ४०,००० डॉलरांस विकून शिल्लकहि स्वतःकडे ठेविली. तें घटनाबाह्य असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें दिला तो २०२३ मध्यें.

५. मुद्दाम थकविलेली बाकी

खालसा जमीन बोजामुक्त होते, हें कळल्यावर चतुर माणसांनीं त्याचा उपयोग केला नसता तरच नवल. जमिनीचा ताबा असलेला गहाणदार सारा भरीनासा होई, जमीन लिलांवास जाई, व तोच ती घेई. भाऊबंदकींतहि हा डाव खेळतां येण्याजोगा होता. १८८२ च्या न्यासविषयक कायद्याच्या ९० व्या कलमांत याचा बंदोबस्त आहे, व तेथें दिलेलें एक उदाहरण थेट याच व्यवहाराचें आहे. असा गहाणदार खरेदीदार ठरला तरी, आपलें गहाणाचें येणें व योग्य खर्च वसूल होण्याच्या अधीन राहून, तो ती जमीन मूळ मालकासाठींच धारण करतो.

म्हणून दाखल्यावरील खरेदीदाराचें नांव वाचून थांबूं नये. तो पूर्वीं त्या जमिनीचा गहाणदार, हिस्सेदार किंवा कारभारी होता काय, हें त्याच घराण्याच्या इतर कागदांवरून पाहावें. तसें असल्यास दिवाणी दाव्याचे कागदहि कोठें तरी असण्याचा संभव आहे.

६. परतीची वाट

१८९६ पासून १९०० पर्यंतच्या दुष्काळांनीं दक्षिणेंत व गुजराथेंत साऱ्याची बाकी अतोनात सांचली. त्यावर १९०१ मध्यें मुंबई सरकारनें महसूल कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें. खालसा झालेली जमीन पुन्हां लागवडीस देतांना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार न देतां देतां यावी, असा त्याचा आशय होता. रयतेची जमीन सावकाराच्या घशांत जाऊं नये हें सरकारनें दिलेलें कारण. उलटपक्षीं, दुष्काळानें नाडलेल्या रयतेची मालकी या मार्गानें सरकारजमा होऊन रयत केवळ सरकारचें कूळ बनेल, असा विरोधकांचा आक्षेप. फेरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले व त्यांचे सहकारी कायदेमंडळांतून निषेधानें उठून गेले तो हाच प्रसंग. बिल मंजूर झालें. आज सातबाराच्या उताऱ्यावर 'नवी शर्त' असे शब्द दिसतात, त्यांची वंशावळ या कायद्यापर्यंत जाते.

बोलीनें घेतलेल्या जमिनीचा हक्क किती पक्का, याची खरी कसोटी पुढें लागली. १९२८ च्या बार्डोलीच्या साराबंदींत, आणि १९३० ते १९३२ च्या चळवळींत गुजराथ व कारवार जिल्ह्यांत, सरकारनें सत्याग्रह्यांच्या जमिनी खालसा केल्या. त्यांपैकीं कांहीं विकल्याहि गेल्या. गांवकऱ्यांचा बहिष्कार असतांहि त्या घेणारे निघाले, व स्वस्तांत मिळाल्या म्हणून संतोषलेहि असतील. त्यांचे दाखले कायद्यानें निर्दोष होते. तथापि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत, १९३८ सालीं, खालसा जमिनी मूळ धन्यांस परत देण्याचा कायदा झाला. विकल्या गेलेल्या जमिनी खरेदीदारांकडून मोबदला देऊन घेण्याची तजवीज त्यांत होती. दाखला खोटा ठरला नाहीं. पण त्याच्या आधारें जमीन कायम राखतां आली नाहीं.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें जुन्या कायद्याची चौकट बहुतांशीं कायम ठेविली. शेंकडा २५ अनामत, तीस दिवसांचा अर्ज, विक्रीचे दोन प्रकार, हें सारें तींत आहे. विक्रीनंतरहि तीस दिवसांच्या आंत बाकीची रक्कम व खरेदीदारासाठीं किंमतीच्या शेंकडा ५ इतकी भर जमा केल्यास मिळकत सोडवितां येते. म्हणजे खरेदीदाराचा हिरमोड होतो, परंतु त्यास भरपाई मिळते. बोली बोलणारा कोणीच न आल्यास कलेक्टरानें सरकारच्या वतीनें एक रुपया नाममात्र बोलीवर जमीन घ्यावी, आणि खातेदार बारा वर्षांच्या आंत देणें घेऊन आला तर ती त्यास परत मिळावी, अशीहि तरतूद तींत झाली. अशा जमिनीस गांवदप्तरांत 'आकारी पड' म्हणतात. बारा वर्षें उलटून गेलेल्या अशा जमिनीहि, चालू बाजारभावाचा कांहीं अंश भरून घेऊन, मूळ खातेदारांस किंवा त्यांच्या वारसांस परत देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२५ च्या जानेवारींत घेतला. गतकुळी जमिनीवर वंशजानें येऊन सांगितलेला दावा व हा निर्णय यांत अंतर पुष्कळ आहे. तरी न्यायाची कल्पना एकच आहे.

७. शहरांतील मिळकत

पुणें शहरांत आज जमीनमहसुलापेक्षां मिळकत कराची बाकी अधिक ठिकाणीं अडचण करते. पुणें महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० पासून ज्या १९४९ च्या कायद्याखालीं आली, त्यान्वये जमीनमहसूल वगळतां मिळकत कर हा त्या मिळकतीवरील पहिला बोजा होय. बिल, मागणीची नोटीस, वॉरंट, जप्ती व शेवटीं विक्री, असा क्रम आहे. कर मिळकतीला चिकटलेला असल्यामुळें खाजगी खरेदी करणारानेंहि जुनी बाकी तपासली पाहिजे.

पेठांतील जुना वाडा लिलांवास निघाला तर घेणारानें दाखल्याबरोबर वाड्याचा इतिहासहि वाचावा. वाडा किती हिस्सेदारांचा आहे, भाडेकरू किती व कधींपासूनचे आहेत, आंत देवस्थान किंवा इनामाचा अंश आहे काय, आणि सिटी सर्व्हेच्या मिळकतपत्रिकेवर कोणाचें नांव आहे, हें पाहावें. कराच्या नोंदवहींतील नांव म्हणजे मालकी नव्हे. धनी बदलला म्हणून जुना भाडेकरू आपोआप जात नाहीं.

असो. या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. लिलांवाचा दाखला हा मालकीच्या सांखळींतील एक मजबूत दुवा असतो, परंतु तो शेवटचा दुवा आहे असें गृहीत धरूं नये. त्याच्या मागें बाकी कशाची व कशी पडली, आणि त्याच्या पुढें मूळ धन्यास कोणती वाट उरली, हे दोन प्रश्न सुटल्यावांचून त्याचें वाचन पुरें होत नाहीं. ज्यांच्या संग्रहांत असे कागद असतील त्यांनीं ते रुमालांतून वेगळे काढून विखरूं देऊं नयेत. जाहिरनामा, पावती, दाखला व फेरफार हे एकाच व्यवहाराचे कागद एकत्र बांधून, वर खातेदाराचें गांव व सर्व्हे नंबर लिहून ठेवावे. कोणाची तरी जमीन गेल्याची हीच काय ती नोंद पुष्कळ ठिकाणीं उरलेली आहे, आणि तिच्या आधारें ती परत मागणारा वारस उद्यां दाराशीं उभा राहणें अशक्य नाहीं.